साल राहून गेलं

१

रमाकांत गुरुजींना एकच व्यसन होतं. ते तंबाखूचं असतं तर परवडलं असतं, असं प्रेमला, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची. व्यसन होतं दिनविशेषाचं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. हुकूम नागपूरहून निघायचे आणि साखरखेर्ड्याला पोचेपर्यंत शिळे व्हायचे. अशा गावातल्या शाळेत, पंचम जॉर्जच्या तसबिरीखाली, प्रार्थना आटपली की गुरुजी घसा खाकरत आणि म्हणत, “आजच्या दिवशी...” मग कुठल्या तरी राजाचा जन्म, कुठला तरी तह, कुठल्या तरी किल्ल्याला पडलेलं खिंडार.

पोरांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ऐकायला यायची ती मोठी माणसं. शाळेच्या ओट्यावर इंद्रभान पाटील पान लावत बसायचे, पुंजाजी बैल पाण्यावर नेता नेता थांबायचा, आणि दही विकणारी सोजराबाई डोक्यावरची पाटी खाली उतरवायची. गावाची एक खोड होती. एखादी गोष्ट आपण पहिल्यांदाच ऐकतोय असं कबूल करणं म्हणजे नाक कापून घेणं. जिजाऊंचा जन्म सांगितला, तर सिंदखेडराजा शेजारीच, म्हणून पाळण्याची दोरी आपल्याच घरून गेली असं पुंजाजीने सांगून टाकलं. निजाम आणि मुबारिजखान सतराशे चोवीस साली याच गावापाशी लढले हे सांगितलं, त्या दिवशी सोजराबाईने दोन्ही फौजांना दही पुरवलं.

एका सकाळी मात्र गुरुजींची झोळी रिकामी निघाली. सगळा इतिहास आठवून झाला, पण त्या तारखेला जगात कुणी जन्मलं नव्हतं की मेलं नव्हतं. ओटा तर माणसांनी भरलेला. मग गुरुजींनी एक हत्ती सोडला.

“आजच्या दिवशी, सन अठराशे तीनमध्ये, नागपूरकर भोसल्यांचा एक हत्ती फौजेतून चुकून आपल्या गावात आला आणि रात्रभर इथे राहिला.”

“रातभर नाई,” सोजराबाई म्हणाली. “चांगला मुक्काम ठोकला व्हता त्यानं. माह्या आजेसासऱ्यानं कडबा घातला त्याले.”

गुरुजी मनातल्या मनात पोट धरधरून हसले.

२

दुपारी शाळा सुटली. अंगणातल्या चिंचेखालून जाताना गुरुजींचा पाय अडखळला. चिंचेच्या बुंध्यात मनगटाएवढ्या जाड कड्यांचा साखळदंड रुतला होता. खोडाने त्यातली अर्धी कडी केव्हाच गिळून टाकली होती.

गुरुजी तर्काने चालणारे गृहस्थ. झाड एका सकाळीत लोखंड गिळत नाही, म्हणजे साखळी आधीपासून असणार. म्हणजे आपलंच लक्ष नव्हतं. इतपत ठीक होतं. फक्त आदल्या दिवशी याच बुंध्याला टेकून त्यांनी तळपायातला काटा काढला होता, आणि तेव्हा पाठीला काही टोचलं नव्हतं.

जेवताना त्यांनी प्रेमलाला विचारलं.

“हत्तीची साखळी ना?” ती म्हणाली. “लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच तर दाखवली मला. सोजराबाईनं कुंकू लावायला लावलं तिला. विसरले काऊन?”

गुरुजींचा घास हातातच राहिला. प्रेमला शेगावची, स्टेशनावरच्या तिकीट बाबूंची मुलगी. गाडीच्या वेळेत आणि बोलण्यात तिची कधी चूक होत नसे.

परीक्षा घेतल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांना मास्तर घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलात शिकवलं होतं. म्हणून पुढची रिकामी तारीख येताच त्यांनी कुणालाही पटणार नाही असं काहीतरी शोधून काढलं. “आजच्या दिवशी, सन अठराशे एकसष्टमध्ये, एक गोरा साहेब आपल्या गावात ठेचा खाऊन दगावला.”

पुंजाजीने मान खाली घातली. “माह्या आजीनं वाटला व्हता. तिनं सांगतलं व्हतं सायबाले, पानी पिऊ नका, गूळ खा. पन गोरा मानूस कोनाचं ऐकते का?”

संध्याकाळी गुरुजी फिरायला म्हणून निघाले आणि पुंजाजीच्या बांधावर पोचले. बांधावर थडगं होतं. चुना लावलेलं, बसकं, एका कोपऱ्याला खचलेलं. वर कुणीतरी ताजी हिरवी मिरची वाहिली होती.

आता इथे कुणीही हसलं असतं. गुरुजींनाही हसू फुटलं, पण ते घशातच थांबलं. थडगं खरं असेल तर आत माणूसही खरा. कुठल्या तरी मुलखातून आलेला, कुणाचा तरी मुलगा, पाणी पाणी करत मेला. आणि का, तर ओट्यावरच्या चार माणसांपुढे आपल्याला गप्प बसवलं नाही म्हणून. त्यांनी तिथेच कान धरले. पुन्हा म्हणून मनाचं काही सांगायचं नाही.

३

आणि त्यांनी ते पाळलंही. पाळलं असतं आयुष्यभर, पण दुपारची झोप आडवी आली.

शाळेच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तिच्यात तरटं, फुटका पृथ्वीगोल, एक जादा फळा आणि गुरुजींची बाज. बाजेवर प्रेमलाने स्वतः शिवलेली उशी, कोपऱ्यात लाल दोऱ्याची वेल काढलेली. पोरांना बेरीज घालून दिली की गुरुजी त्या खोलीत जात आणि बेरीज होईपर्यंत डोळा लावत. बेरीज मोठी असायची. खोलीच्या खिडकीचा एक गज ढिला आहे, हे मात्र पोरांना गुरुजींच्या आधी कळलं होतं.

होळी होऊन दोनतीन दिवस झाले होते. गुरुजी झोपेतून उठले, तोंडावर पाणी न मारताच पाटलांकडे गेले, आणि तिथे तालुक्याचे चार पाहुणे त्यांच्याकडे बघून उपरणं तोंडात कोंबू लागले. घरी येऊन आरशात पाहिलं तर अर्धी मिशी हिरवी आणि अर्धी जांभळी.

दुसऱ्या सकाळी प्रार्थना संपली. गुरुजींच्या नाकपुड्या फुगल्या होत्या.

“आजच्या दिवशी,” ते म्हणाले, “अठरा मार्चला, याच शाळेत शिकवणारा एक मास्तर त्या मागच्या खोलीत गेला. दार बंद झालं. पुन्हा तो कुणाच्या दृष्टीस पडला नाही. आतून फक्त खडूचा आवाज येतो. तेव्हा त्या खोलीकडे जो फिरकेल, त्याचा तो जाणे.”

पोरांचे चेहरे पांढरेफटक पडले. ओट्यावर इंद्रभान पाटलांनी पागोटं उतरवून मांडीवर ठेवलं. सोजराबाईने पदर डोळ्यांना लावला. गुरुजींना बरं वाटलं. आज तरी निवांत झोप मिळणार होती. रागाच्या भरात साल सांगायचं तेवढं राहून गेलं.

४

दुपारी गुरुजी झोपायला गेले तर दाराला कुलूप. साधंसुधं नाही, गंजून एकजीव झालेलं. चौकटीला वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाचे थर, उंबऱ्याशी फोडलेल्या नारळाच्या करवंट्या. आत आपली उशी राहिली, हा त्यांच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार यायच्या आधी आतून आवाज आला.

खडू फळ्यावर ओढल्याचा. दोन ओढी, मग शांतता. पुन्हा एक लहानशी ओढ. लिहिणारा लिहितालिहिता विचारात पडावा तसा.

घूस असेल, गुरुजी स्वतःला म्हणाले. घूस खडू कुरतडत असेल. हा तर्क त्यांना स्वतःलाही फार पसंत पडला नाही. जितक्या रुबाबात चालता येईल तितक्या रुबाबात ते पाटलांकडे गेले.

“पाटील, त्या खोलीला कुलूप कुणी लावलं?”

“माह्या बापानं, म्हनतात. का चुलत्यानं.”

“केव्हा?”

“फाल्गुन वद्य तृतीयेले. जोशीबुवाले विचारा, पक्कं हाये.”

“अहो, पण साल कोणतं?”

पाटील त्यांच्याकडे कीव आल्यासारखे बघू लागले. “साल कोन पाहते, गुरुजी? बापाचं श्राद्ध करतो म्या दरसाल, त्यात साल लागते का? तिथी ध्यानात ठेवली का झालं.”

तिथी गुरुजींच्या एका कानातून शिरली आणि दुसऱ्यातून गेली. त्यांनी तारीख सांगितली होती. इतिहास तारखेवर चालतो, पंचांगावर चालत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

५

मग गाव कामाला लागलं. कुणाकडून गोष्ट ऐकली आणि जशीच्या तशी ठेवली, हे साखरखेर्ड्यात होणं नव्हतं. रोज सकाळी ओट्यावर त्या मास्तरात कुणी ना कुणी भर घालू लागलं.

“उंच व्हता. वाकून चाले.”

“दुपारी झोपायची भारी हौस त्याले.”

“अमरावतीकडचा व्हता म्हनतात,” पुंजाजी म्हणाला. गुरुजी अमरावतीचे.

“अन् बायको शेगावची,” सोजराबाई म्हणाली. “टेसनावरच्या बाबूची पोरगी. मोठी गुनाची. तवा पोटुशी व्हती बिचारी.”

बोलताना कुणी गुरुजींकडे बघत नव्हतं. थट्टा असती तर त्यांनी डोळ्यांत ओळखली असती. ते सगळे मनापासून हळहळत होते.

पोटुशी हा शब्द ऐकून गुरुजींना धीर आला होता. एवढं तरी जुळत नाही. आणि मग दिवाळीनंतर एका सकाळी प्रेमला चुलीपुढून उठली नाही, तिथेच बसून लाजत म्हणाली, “आईला बोलावून घ्यावं लागेल फाल्गुनाच्या आसपास.” गुरुजी जात्याच्या दगडावर मटकन बसले. त्यांना आनंद झाला, नाही असं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, दोघांनी वाट पाहायचंही सोडून दिलं होतं. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ अशी भीती आली की त्यांनी बायकोचा हात धरला तो सोडेचनात.

आता त्यांना आपली चूक कळली. हत्तीला अठराशे तीनमध्ये बांधलं होतं, साहेबाला एकसष्टमध्ये पुरलं होतं. मास्तर मात्र मोकळा होता. साल नसलेली तारीख म्हणजे दावं तोडलेलं जनावर, कुणाच्याही वावरात घुसायचं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओट्याकडे तोंड करून जाहीर केलं, “तो मास्तर अठराशे बासष्टमध्ये गेला.”

“बासष्टात शाळा कुठी व्हती, गुरुजी?” पुंजाजीने विचारलं.

“म्हणजे बहात्तरमध्ये.”

“काल बासष्ट, आज बहात्तर. इतिहास सांगून राह्यले का बैलाची बोली लावून राह्यले?”

मग गुरुजी रडकुंडीला आले. सगळं खोटं आहे, आपण बनवलं, पोरांना भिववायला बनवलं, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. पाटील समजुतीच्या सुरात म्हणाले, “गुरुजी, गेलेल्या मानसाबद्दल असं बोलू नये.”

घरी प्रेमलाने सगळं ऐकून घेतलं. तिलाही ती गोष्ट येत होती. लहानपणापासून ऐकल्यासारखी येत होती. “त्या बाईचं नाव कोणी सांगत नाही,” ती म्हणाली, “आणि मी विचारणार पण नाही. अठरा तारखेच्या आधीच आपण बैलांची दमणी करून बाबांकडे जाऊ. अठराला दिवसभर स्टेशनात बसा, येणाऱ्या जाणाऱ्या गाड्या पाहा. मी डबा घेऊन शेजारी बसते. मग पाहू कोण नेते तुम्हाला.”

इतक्या दिवसांत गुरुजी पहिल्यांदा पोटभर जेवले.

६

मार्च लागला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अठरा तारीख अजून लांब होती. गुरुजींनी दमणीवाला ठरवला आणि पाटलांना सांगितलं, “अठराला मी गावात नाही बरं का.”

“जा ना खुशाल,” पाटील म्हणाले. “अठराले तुमचं काय काम?”

तरी त्यांचं मन खात होतं. यंदा सुटलो, पण पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या? दरसाल बायकोमुलाला घेऊन स्टेशनात बसायचं का? साल पक्कं केल्याशिवाय सुटका नव्हती. आणि हे गाव तोंडच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, डोळ्यांनी दिसेल त्यावर ठेवतं. साखळी दिसते, थडगं दिसतं. मग खोलीतल्या फळ्यावर सालही दिसू दे. जुन्या वळणाचं अक्षर काढायचं, वर धूळ उडवायची, मग काहीतरी निमित्त काढून पाटलांकडून दार फोडून घ्यायचं. बघा, मास्तरानेच लिहून ठेवलंय. तारखेला अवकाश आहे तोवर खोलीत जायला काय भीती? ही युक्ती सुचली तेव्हा गुरुजींनी स्वतःची पाठ थोपटली.

पोरांच्या कानामागे होळीचा रंग अजून होता. गुरुजींनी त्यांना लवकर सोडलं. मारुतीच्या पारापाशी गोवऱ्यांचा धूर दिसत होता. कुणीतरी रोडगे भाजत होतं. सोजराबाई वांग्यांची पाटी घेऊन लगबगीने तिकडे चालली होती.

“पंगतीले या बरं, गुरुजी.”

“कुणाची पंगत?”

तोवर ती पुढे निघून गेली होती. असेल कुणाचा नवस, गुरुजी म्हणाले. घरी डोकावून त्यांनी “आलोच” म्हणून सांगितलं. प्रेमला टोपडं शिवत होती. “लवकर या,” ती दोरा दातांनी तोडत म्हणाली, “गरम आहे तोवर जेवून घ्या.”

७

ढिला गज हलवून गुरुजी आत उतरले. खोलीत कोंदट वास होता. बाज जागेवर, उशी जागेवर. उशीवरची लाल वेल धुळीने भुरकी पडली होती. वर्षभराची धूळ इतकी बसते का? बसत असेल, दार बंद होतं ना. आत कुणी नव्हतं. कोपरे पाहिले, बाजेखाली पाहिलं, फळ्यामागे पाहिलं. कुणीच नव्हतं. आपल्याच भित्रेपणाचं त्यांना हसू आलं. फळा कोरा करकरीत होता.

त्यांनी खडू उचलला आणि लिहिलं: सन १८. मग थांबले. शाळा निघाली कोणत्या साली? आठवेना. पंचाहत्तर लिहावं का? खडू टेकवून त्यांनी सातची लहानशी ओढ काढली.

“चूप बसा,” बाहेर कुणीतरी म्हणालं. “गुरुजी लिहून राह्यले.”

खडूचा तो आवाज गुरुजींनी याआधी दाराबाहेरून ऐकला होता. दोन ओढी, शांतता, मग एक लहानशी ओढ.

ते पाय न वाजवता दारापाशी गेले आणि फटीला डोळा लावला.

अंगण माणसांनी भरलं होतं. पंगत बसली होती, पत्रावळीवर रोडगे आणि वांग्याची भाजी. चिंचेने साखळी पार गिळली होती, एवढीशी कडी बाहेर राहिली होती. इंद्रभान पाटलांना दोघांनी धरून बसवलं होतं, डोकं कापसासारखं पांढरं. शाळेच्या दारातून दिसणाऱ्या भिंतीवर पंचम जॉर्ज नव्हता, दुसऱ्याच कुणाची तसबीर होती. आणि भाजीचं भांडं घेऊन वाढत होती ती प्रेमला. कानशिलावर केस पिकले होते. कपाळ रिकामं होतं. तिच्या मागे मागे पाण्याचा तांब्या घेऊन एक परकरी पोर चालली होती. नाक थेट रमाकांत गुरुजींचं.

“आई,” पोर म्हणाली, “बाबांची तारीख तर अठरा आहे. मग आज काऊन?”

“तारीख त्यांची होती,” प्रेमला म्हणाली. “गाव तिथी पाळते, बाई. दरसाल मागेपुढे होते ती. त्या वर्षी पण अठराच्या आधीच आली. आम्ही आपले दमणी ठरवून बसलो होतो.”

“कोणत्या साली?”

प्रेमलाने तोंड उघडलं. पण पंगतीतून पुंजाजीचा म्हातारा आवाज आला, “साल कोन पाहते, बाप्पा,” आणि चारदोन माणसं मायेने हसली. प्रेमलाही किंचित हसली. इतकी वर्षं ऐकून तिला त्याची सवय झाली असावी.

गुरुजींनी दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. प्रेमला, प्रेमला, अशी हाक मारली. बाहेर सगळ्यांनी माना वळवल्या आणि भक्तिभावाने ऐकू लागले. “केवढं लिहून राह्यले आज,” सोजराबाई म्हणाली.

ते खिडकीकडे धावले. खिडकीच्या जागी भिंत होती, चुना लावलेली.

मग ते फळ्यापुढे येऊन उभे राहिले. अठराशेचं खोटं त्यांनी हाताने पुसून टाकलं. खरं साल त्यांना माहीत होतं. आज सकाळीच तर कॅलेंडरवर पाहिलं होतं. ते लिहिलं तर पोरीला उत्तर मिळालं असतं. पण लिहिलं की ते झालंच, हत्तीसारखं, साहेबासारखं, कायमचं. घरी ताट वाढलेलं होतं. गरम असेल अजून. त्यांनी लिहिलं: सन १९. आणि खडू तसाच वर धरून राहिले.

बाहेर पोरीने दाराला कान लावला.

“आई, थांबले.”

“विचार करत असतील,” प्रेमला म्हणाली आणि पुढच्या पत्रावळीवर रोडगा ठेवला.